दात पांढरे होतात, भरलेला भाग होत नाही



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे घरोघरी लग्नाच्या याद्या निघतात. हॉल, केटरर, भटजी, मेंदीवाली. या यादीत हल्ली एक नवी ओळ आली आहे, दात पांढरे करून घेणे. नवऱ्या मुलीचे तर असतातच, पण वरमाई, मावश्या, अगदी आमच्यासारखे आजी-आजोबासुद्धा त्यात धरले जातात, कारण फोटो हल्ली सगळ्यांचे निघतात आणि ते मोठे करून बघितले जातात. गेल्या वर्षी आमच्या नातीच्या लग्नात या एका ओळीने घरात जी धांदल उडवली ती सविस्तर लिहितोय. कुणाच्या घरी यंदा कार्य असेल तर उपयोगी पडेल.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. १९७२ चा बी.कॉम., इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीचा. १९७३ ते २०११ बँकेत. म्हणजे माझं ज्ञान दोन ठिकाणचं: रावपुऱ्यातल्या आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर मी गेल्या वर्षी बरेच तास बसलो; आणि सही करण्याआधी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचायची नोकरीतली सवय.

मुद्दा एका वाक्यात असा. दात पांढरे करायचं औषध फक्त दातावर चालतं. दातात जे भरलेलं असतं, सिमेंट म्हणा, चांदी म्हणा, वर बसवलेली कॅप म्हणा, त्याचा रंग त्या औषधाने बदलत नाही. सगळे दात उजळतात आणि भरलेला तुकडा आहे तसाच राहतो. दाढेत असेल तर कुणाला दिसत नाही. पुढच्या दातात असेल तर मात्र सगळ्यांना दिसतं.

आणि आपल्यापैकी कुणाच्या तोंडात काही भरलेलं नाही हो? माझी आजी मशेरी लावायची, तिचे दात काळे पण शेवटपर्यंत जागेवर. वडील बाभळीच्या काडीने घासत. आम्ही भावंडं माकडछाप काळ्या दंतमंजनावर वाढलो. दांडिया बाजारातल्या घरात सकाळी मोरीपाशी रांग लागायची आणि सगळ्यांची तोंडं काळीकुट्ट. मग टूथपेस्ट आली, बरोबर चहा-बिस्किटं, चॉकलेटं आली आणि दातांच्या डॉक्टरांकडे जाणंही आलं. माझ्या पहिल्या दाढेत १९७९ साली चांदी भरली. आपण चांदी म्हणतो, पण त्यात साधारण निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. आमच्या सध्याच्या डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांनी ती भरली होती, छोट्या खलात घोटून. ती अजून आहे. ते डॉक्टर गेले, त्यांची चांदी माझ्या तोंडात राहिली.

त्याच डॉक्टरांनी २००८ साली माझ्या नातीचा दात भरला. ती तेव्हा नऊ वर्षांची. मे महिन्यात सुट्टीला आमच्याकडे आली होती, आत्तेभावाच्या मागे पळताना ओट्याच्या दगडी पायरीवर तोंडावर आपटली. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी उजव्याचा कोपरा तुटला, तिरका, जवळजवळ एक तृतीयांश. रक्त फार नव्हतं, रडणं फार होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी काँपोझिट नावाचं दाताच्या रंगाचं साहित्य लावून कोपरा पुन्हा उभा केला. थर लावायचा, निळ्या दिव्याने कडक करायचा, परत थर. तासभर चाललं. शेवटी आरसा दिला तर कुठे जोड आहे ते तिला स्वतःला सापडेना. कॉलेजात असताना एकदा थोडी कड उडाली, ती दुरुस्त केली. एवढं सोडलं तर सतरा वर्षं तो कोपरा तिचाच दात म्हणून वावरला. माझी मुलगी, म्हणजे तिची आई, तीसुद्धा विसरून गेली होती की तो भरलेला आहे. पुढे जे झालं त्याचं मूळ या चांगल्या कामातच आहे.

लग्न १० डिसेंबरला, बडोद्यालाच. नवरा मुलगा गुजराती, म्हणजे संगीत वेगळं, गरबा वेगळा, मांडव वेगळा, आणि आपली हळद आहेच. नात अहमदाबादला नोकरीला. २२ नोव्हेंबरला शनिवारी तिने तिथल्या एका क्लिनिकमध्ये जाऊन दात पांढरे करून घेतले. लग्नाचं पॅकेज होतं. दीड तासात काम झालं.

रात्री साडेनऊला फोन. आधी आईला, मग मला.

"आजोबा, माझा एक दात पिवळा झालाय."

मी म्हटलं, पांढरे करायला गेली होतीस ना? तर म्हणाली, बाकीचे सगळे पांढरे झालेत, एकाचाच कोपरा पिवळा आहे. शिवाय वरच्या डावीकडे, पुढच्या दाढेत, थंड पाणी लागलं की डोक्यात कळ जाते.

व्हिडिओ कॉलवर बघितलं. कोपरा पिवळा झालेला नव्हता, आहे तिथेच होता. बाजूचं सगळं चार पायऱ्या वर गेलं होतं. पण डोळ्याला तर उलटंच दिसतं. लहानपणीचा तो पडलेला तिरका तुकडा, सतरा वर्षांनी, रेघ मारून दाखवावा तसा उघडा पडला.

रविवारी ती बडोद्याला आली, सोमवारी सकाळी आम्ही रावपुऱ्यात. डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं आणि त्यांनाच जरा हसू आलं. म्हणाल्या, "काका, सासऱ्यांचं काम इतकं बेमालूम होतं की तिथल्या डॉक्टरांना दिसलंच नसणार. पण विचारायला हवं होतं. दात पांढरे करण्याआधीचा पहिला प्रश्न तोच असतो, पुढे काही भरलेलं आहे का."

नातीच्या पर्समध्ये तिथल्या संमतिपत्राची प्रत होती. मी ती वाचली. दोन पानं, इंग्रजीत, सातव्या क्रमांकाला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की भरलेले दात, कॅप, व्हेनियर यांचा रंग बदलणार नाही व नंतर ते बदलावे लागू शकतात. खाली नातीची सही. म्हणजे कागदावर ते क्लिनिक बरोबर. अशी कलमं मी नोकरीत हजारो वाचली आणि लोकांना वाचून दाखवली. गिऱ्हाइकाला तोंडी सांगायचं आणि मग सही घ्यायची, हा आमचा शिरस्ता होता. नुसतं छापून ठेवलं म्हणजे सांगितलं असं मी धरत नाही. असो. भांडायला वेळ नव्हता, अठरा दिवसांतले दोन संपले होते.

आता हे होतं कसं, ते त्यांनी मला समजावलं तसं लिहितो.

दाताचा वरचा थर एनॅमल, तो बराचसा पारदर्शक. आतला थर डेंटीन, तो पिवळसर. वय वाढतं तसं एनॅमल झिजून पातळ होतं आणि आतला पिवळेपणा जास्त दिसायला लागतो. त्यात चहा, हळद, तंबाखू यांचे डाग मुरतात. पांढरं करायचं औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. क्लिनिकमध्ये लावतात ते तीव्र, नातीच्या कागदावर ३५ टक्के लिहिलं होतं. हिरड्यांना भाजू नये म्हणून त्यांच्यावर आधी एक थर देऊन झाकावं लागतं. घरी ट्रेमध्ये घालून लावतात ते कार्बामाइड पेरॉक्साइड, ते सौम्य. १० टक्के कार्बामाइड म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशोबात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ही घरी लावायची पद्धत १९८९ साली हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी छापून सगळ्यांपुढे आणली. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, तिथल्याच क्लुसमायर नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की हिरड्यांसाठी दिलेलं जंतुनाशक ट्रेमध्ये घालून रात्रभर ठेवलं तर हिरडी तर सुधारतेच, दातही उजळतो. म्हणजे शोध लागला तो हिरडीच्या औषधातून.

हे पेरॉक्साइड एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणारे कण तोडतं. तोडलेले कण रंग दाखवत नाहीत, दात उजळ दिसतो. काँपोझिट म्हणजे प्लॅस्टिकसारखं राळेचं मिश्रण आणि त्यात काचेची बारीक पूड. त्याचा रंग कारखान्यात घातलेला असतो. पेरॉक्साइड फार तर त्याच्या पृष्ठभागावरचे चहाचे डाग काढेल, मूळ रंगाला हात लावत नाही. चिनी मातीच्या कॅपचंही तसंच. चिनी मातीची बशी कितीही धुतली तरी तिची नक्षी जात नाही, तसं.

रंग सोडला तर भरलेल्या भागाचं नुकसान होतं का, हे मी मुद्दाम विचारलं, कारण माझ्या स्वतःच्या तोंडात पाच ठिकाणी काही ना काही आहे. त्या म्हणाल्या, चांगलं बसलेलं काँपोझिट असेल तर पृष्ठभाग थोडा खडबडीत होऊ शकतो, पॉलिश केलं की झालं, भरलेलं गळून पडेल अशी भीती नको. ग्लास आयनोमर म्हणून एक सिमेंट असतं, मुळाजवळच्या खाचांत भरतात, ते जास्त खराब होतं. चांदी असेल तर तिच्यातून पारा थोडा जास्त सुटतो, आणि कधीकधी चांदीच्या कडेला दातावर हिरवट छटा येते. म्हणून ज्यांच्या तोंडात चांदी बरीच आहे त्यांनी आधी विचार करावा, आणि जेल तिथपर्यंत पोचणार नाही असं बघावं.

खरा धोका वेगळाच निघाला. भरलेल्या भागाची कड दातापासून सुटलेली असेल तर त्या फटीतून औषध सरळ आत नसेपर्यंत जातं. नातीच्या डाव्या दाढेला कळ येत होती ती याचीच. तिथे चार वर्षांपूर्वी अहमदाबादलाच भरलेलं होतं आणि कड केसभर उघडी होती. एरवी कदाचित वर्षभर काही कळलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी ते काढून आत तात्पुरतं सिमेंट भरलं, वर पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट लावायला दिली. तीन दिवसांत कळ गेली. म्हणून दात पांढरे करण्याआधी एक एक्स-रे, आणि कीड किंवा फट असेल तर ती आधी बंद करणं, हे त्या आग्रहाने सांगतात. थोडी शिणशिण तर कुणालाही होते, दोन-चार दिवसांत जाते. पण एकाच दाताला जोराची कळ आली तर त्या दातात काहीतरी उघडं आहे असं धरायचं.

मग पुढच्या दाताचं काय? माझ्या मुलीने विचारलं, आज बसलोच आहोत तर आजच कोपरा बदला, पांढरा लावा. अहमदाबादच्या क्लिनिकनेही फोनवर तेच सांगितलं होतं, परवा या, लगेच बदलून देतो, चार्ज घेणार नाही.

डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. दोन आठवडे थांबायचं. शक्य तर तीन, पण दोनच्या आत मी हात लावणार नाही.

खोलीत शांतता. ३० नोव्हेंबरला फोटोशूट, ४ ला संगीत, ९ ला हळद, १० ला लग्न. मुलीचा चेहरा पडला. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना." मी सांगितलं नाही. मी विचारलं, का थांबायचं?

कारण असं. औषध लावल्यावर दाताच्या आत ऑक्सिजन मुरून राहतो, काही दिवस. काँपोझिट दिव्याखाली कडक व्हायला हवं, आणि ऑक्सिजन त्याला नीट कडक होऊ देत नाही. लावलेला तुकडा दाताला धरत नाही. ओल्या भिंतीवर रंग दिला की पहिल्या महिन्यात छान दिसतो आणि मग पोपडे निघतात. आपण बडोदेकरांनी पावसाळ्यात हे कितीदा बघितलंय. मांडवात घास घेताना कोपरा हातात आला तर? हे एक. दुसरं कारण रंगाचं. खुर्चीवरून उठल्याबरोबर दात दिसतात ते खऱ्यापेक्षा जास्त पांढरे, कारण तास-दीड तास तोंड उघडं ठेवून ते कोरडे पडलेले असतात. पाणी परत मुरलं की रंग थोडा खाली येतो आणि मग स्थिरावतो. आज रंग जुळवला तर पंधरा दिवसांनी तोच कोपरा बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसेल.

दुसरं कारण मला लगेच पटलं. अकाउंट बंद व्हायच्या आधी बॅलन्स लिहायचा नसतो. मी खिशातली डायरी काढली, २२ मध्ये चौदा मिळवले, ६ डिसेंबर, शनिवार. लग्नाआधी चार दिवस. डॉक्टरीणबाईंनी सकाळची पहिली वेळ लिहून दिली. त्या दिवशी फक्त जुन्या कोपऱ्याला पॉलिश करून वरचे डाग काढले, त्याने थोडा फरक पडला, नातीच्या मते काहीच नाही.

त्या पहिल्या दोन दिवसांचं पथ्य हा एक वेगळाच प्रकार होता. औषध लावल्यावर ४८ तास रंग धरेल असं काही खायचं नाही. चहा-कॉफी नाही, सॉस नाही, आणि हळद तर अजिबात नाही. आता हळदीशिवाय आपल्या घरात शिजतं काय? वरण पिवळं, भाजी पिवळी, पोहे पिवळे. सेव-उसळीचं नाव काढायला नको, तिचा रस्सा कपड्याला लागला तर कपडा जातो. नातीने शनिवार-रविवार दहीभात, केळी, साबुदाण्याची खीर आणि बिनहळदीचा उपमा यांवर काढले. आमच्या सौ. म्हणाल्या, "हिच्या लग्नाची हळद पंधरा दिवसांवर, आणि हिला घरात हळद वर्ज्य." पथ्य सुटलं तेव्हा पहिला कप चहा तिने स्ट्रॉने प्यायला. गरम चहा स्ट्रॉने पिणाऱ्या माणसाकडे बघणं म्हणजे शिक्षाच आहे.

फोटोशूट ३० तारखेलाच झालं. तिने ओठ मिटून फोटो काढले. फोटोवाला सारखा "स्माइल, स्माइल" म्हणत होता, असं ती चिडून सांगत होती. नंतर कळलं की नवऱ्या मुलाला अजून काहीच माहीत नव्हतं. तिने त्याला स्वतःहून दात दाखवला तर तो बराच वेळ बघून म्हणाला, कुठला? पण संगीताला त्याच्या एका मामींनी विचारलं, "बेटा, दांत मां शुं थयुं?" म्हणजे दिसत होतंच. त्या रात्री ती आजीच्या कुशीत झोपली, नऊ वर्षांची असल्यासारखी. आमच्या सौ.ने तिला सांगितलं ते मला सकाळी कळलं. लग्नात माझ्या पुढच्या दाताला कीड होती आणि तुझ्या आजोबांनी ती पहिल्या दिवाळीपर्यंत बघितली नव्हती. हे खरं आहे.

६ तारीख. मी बरोबर गेलो, स्टुलावर बसलो. रंग जुळवायची पट्टी असते, त्यावर सोळा दात, ए, बी, सी, डी असे गट, प्रत्येकाचे नंबर. नातीचे दात आधी ए-२ होते, आता बी-१, म्हणजे त्या पट्टीवरचा सगळ्यात उजळ. रंग बघायचं काम त्यांनी सगळ्यात आधी केलं, तोंड ओलं असतानाच, दिवा बंद करून, खिडकीच्या उजेडात. ओठांची लिपस्टिक पुसायला लावली. मग मला आवडलेला भाग: दोन-तीन रंगांचे काँपोझिटचे छोटे ठिपके, न चिकटवता, दातावर ठेवले, दिव्याने कडक केले आणि लांबून बघितले. कारण कडक झाल्यावर त्याचा रंग थोडा बदलतो. पांढऱ्या केलेल्या दातांसाठी वेगळ्या उजळ छटा मिळतात, त्यातली एक त्यांनी आधीच मागवून ठेवली होती. एक ठिपका फार खडूसारखा दिसला, एक राखाडी, तिसरा जमला. ठिपके टिचकीने काढून टाकले आणि मग जुना कोपरा उतरवला.

तो जुना तुकडा निघताना बघून मला थोडं वाईट वाटलं हे लिहायला हरकत नाही. पूड होऊन पाण्याबरोबर वाहून गेला, हातात घेण्यासारखं काही उरलं नाही. मोठ्या डॉक्टरांचं काम होतं. सूनबाई म्हणाल्या, "आतला थोडा भाग घट्ट आहे, तो मी तसाच ठेवते, वरून झाकते." मी काही बोललो नाही. घट्ट होता म्हणून ठेवला की सासऱ्यांचा होता म्हणून, हे त्यांचं त्यांना माहीत.

सव्वा तासाने आरसा. नात बराच वेळ बघत राहिली, मग नखाने जोड शोधत राहिली. बाहेर आल्यावर तिने आईला फोटो पाठवला, ओठ न मिटता.

लग्न छान झालं. ते इथे लिहीत बसत नाही, फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेच असतील.

आता आम्हा म्हाताऱ्यांचं. धाकट्या सुनेने नोव्हेंबरात आमचीही नावं नोंदवायची म्हणून आग्रह धरला होता. सौ.ची इच्छा होती, खोटं कशाला. पण तिच्या वरच्या पुढच्या दातावर १९९६ पासून कॅप आहे, आतून धातू, वरून चिनी माती, आणि ती त्या वेळच्या शेजारच्या दातांच्या पिवळसर रंगाला जुळवून केलेली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "काकू, बाकीचे पांढरे केले तर ही कॅप एकटी पडेल. मग ती कापून नवीन बसवावी लागेल, आणि आत रूट कॅनाल केलेला दात किती मजबूत उरलाय ते कापल्यावरच कळेल." सौ. म्हणाली, "म्हणजे पन्नास रुपयांच्या साडीवर फॉल लावायला पाचशे." तिने दातांवरचं किटण काढून घेतलं आणि पॉलिश करून घेतलं. ते वेगळं काम आहे, लोक गल्लत करतात. त्यात पेरॉक्साइड नसतं, फक्त वर साठलेला थर आणि चहाचे डाग निघतात, त्यामुळे कॅप आणि दात दोन्ही आपापल्या रंगाला येतात. माझंही तेच केलं. चांदी १९७९ ची, तिला छेडायची मला गरज वाटली नाही. फोटोत आम्ही दोघं बरे दिसतो. मी तरी.

आमच्या वयाच्या लोकांना मी एवढं म्हणेन की किती दात स्वतःचे आणि किती भरलेले, याची आधी मोजणी करा. पुढे दिसणाऱ्या सहा-आठ दातांत एक-दोन भरलेले असले तर ते नंतर बदलण्याचा खर्च आणि वेळ आधीच धरा, औषधाच्या पावतीत तो दिसत नाही. आमच्या बाबतीत कोपरा बदलणं, दाढ पुन्हा भरणं, ट्रे करणं हे मिळून मूळ पॅकेजपेक्षा जास्त झालं. आणि तरुणांना लग्नाआधी करायचंच असेल तर निदान दीड-दोन महिने हातात ठेवून करा. तपासणी आधी, मग पांढरे करणं, मग थांबणं, मग भरणं. उलट क्रमाने केलं की दोनदा भरावं लागतं.

या दिवाळीला नात आणि जावई आले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रावपुऱ्यात दाखवून आणलं. पट्टी लावून बघितली तर बाकीचे दात अर्धी-एक पायरी खाली आले आहेत, चहाचा परिणाम, आणि जावयाच्या घरी चहा दिवसात चार वेळा होतो. नवीन कोपरा मात्र बी-१ च. म्हणजे आता गोष्ट उलटी झाली, दात खाली येतात आणि कोपरा वर राहतो. अजून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण दिसायच्या आधी चार रात्री घरचा ट्रे लावून घे. ट्रे ती सासरहून विसरून आली होती. सिरिंज मात्र आमच्याकडेच आहे, लग्नानंतर राहिली ती, फ्रीजच्या दारात, कारण ते औषध थंड जागी ठेवायचं असतं. सौ.ने तिच्यावर कागद चिकटवून लिहून ठेवलं आहे, "हे क्रीम नाही, कुणी केकला लावू नये."